शंखी गोगलगाय : शिवारातल्या कामाच्या नोंदी

ठिकाण : लातूर जिल्हा, मांजरा खोरं. नाल्याच्या दोन्ही अंगांना लागून पाच जणांची शेतं, मिळून ३८ एकर. सोयाबीन आणि तुरीचं आंतरपीक ३१ एकर, ऊस ५, पपई १, उरलेल्यात भाजीपाला आणि गोठे. बांधांची एकूण लांबी साखळीने मोजून २,६०० मीटर.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्या वर्षी सगळे पीक दिसायला लागल्यावर धावले. यंदा काम मे महिन्यातच सुरू, म्हणून या वहीत पेरणीच्या आधीची पानं जास्त आहेत.

१२ मे

दिवसभर बांध फिरलो. उन्हाळ्यात गोगलगाय दिसत नाही म्हणजे ती गेली असं नाही, ती झोपलेली असते. शंखाच्या तोंडावर स्वतःच्याच स्रावाचा पांढरट पापुद्रा ओढून घेते आणि ओल येईपर्यंत हलत नाही. असे कित्येक महिने ती सहज काढते.

सापडल्या त्या जागा, जास्तीकडून कमीकडे : दगडी तालीच्या (दगड रचून केलेल्या बांधाच्या) फटी, तुराट्यांच्या गंजीचा तळ, उकिरड्याची सावलीची बाजू, उसाचं पाचट, विहिरीच्या कठड्यालगतचा गाळ, पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचे खड्डे. नांगरलेल्या मोकळ्या रानात एकही नाही. म्हणजे ३८ एकरांतलं उन्हाळी काम खरं तर बांध, नाला आणि गोठ्यांच्या आसपासचंच आहे. गटाच्या नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने २३ ठिकाणं खुणावली.

जिवंत-मेलेली ओळखायची कशी : रिकामा शंख हातात हलका लागतो आणि टिचकी मारली की पोकळ वाजतो. वजन लागलं आणि पापुद्रा शाबूत असला तर जिवंत धरायची. हलत नाही म्हणून मेलेली समजून टाकून दिलेल्या पाच-सहा गोगलगायी घमेल्यात पाणी शिंपडल्यावर तासाभरात शिंगं काढून चालू लागल्या.

१३ मे

मजुरांना ओळख. शंखी गोगलगाय म्हणजे आफ्रिकन : शंख टोकदार, रुंदीपेक्षा उंच, सात ते नऊ वेढे, अंगावर तपकिरी उभे पट्टे ज्वाळांसारखे. आपल्याकडे ७ ते १० सेंटीमीटरची मोठी समजायची. जास्तीत जास्त २० सेंटीमीटरपर्यंत जाते. देशी गोगलगायी बहुतेक चपट्या, बटणासारख्या गोल आणि पातळ कवचाच्या. त्या मारायच्या नाहीत, कुजका पाला मातीत मिसळायचं काम त्या करतात. दोन्हींचा एकेक रिकामा शंख तारेत ओवून बकेटच्या कडीला बांधला. तोंडी सांगण्यापेक्षा हे बरं, कारण अंधारात बॅटरीच्या उजेडात सगळंच तपकिरी दिसतं.

कोणीतरी विचारलंच, ही आली कुठून. मूळ पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याची. भारतात १८४७ मध्ये आली : विल्यम बेन्सन या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणलेल्या गोगलगायी चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या. पुढचा प्रवास रोपं, माती, शेणखत आणि मालवाहतुकीने. शास्त्रीय नाव अकॅटिना फुलिका, अलीकडे लिसाकॅटिना फुलिका. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परकीय जातींच्या यादीत तिचं नाव आहे.

२० ते २४ मे

तुराट्यांच्या गंज्या बांधावरून हलवून उन्हात, विटांच्या थरावर उभ्या रचल्या. तळाची ओल तुटली की आसरा तुटतो. उकिरडे फावड्याने एकदा खालीवर केले. तालीतले दगड काढले नाहीत, कारण ताल गेली तर पहिल्या पावसात बांधच जाईल. फटींतून लोखंडी आकड्याने निघतील तेवढ्या काढल्या.

बांध पेटवून द्यायचा विचार दोघांनी मांडला. नको. आग वरच्या वर जाते, दगडाच्या आतली गोगलगाय सुखरूप राहते. मरतात ते गवतातले इतर जीव, त्यात काजव्यांच्या अळ्याही. त्या अळ्या गोगलगायी खातात.

२ जून

सामान आलं.

बारदान १०० नग (२३ ठिकाणी प्रत्येकी ४, बाकी राखीव). गूळ १० किलो, काळा आणि स्वस्त. झाकणाच्या प्लास्टिक बकेटी १२. रबरी हातमोजे २० जोड, लांब चिमटे १०. कपडे धुण्याची पावडर ५ किलो. मेटाल्डिहाइड (गोगलगायींसाठीचं विषारी आमिष) २.५ टक्के गोळ्या १२ किलो.

गोळ्यांचा हिशोब : शिफारस एकरी २ किलो, म्हणजे गुंठ्याला ५० ग्रॅम. सगळ्या रानात टाकायच्याच नाहीत, फक्त बांधालगत ३ मीटरचा पट्टा. २,६०० गुणिले ३ म्हणजे ७,८०० चौरस मीटर, साधारण ७७ गुंठे. एका फेरीला ३ किलो ८५० ग्रॅम. तीन फेऱ्या धरून १२ किलो.

कोंडा, गूळ आणि कीटकनाशक कालवून केलेलं आमिष वापरायचं नाही असं ठरलं. गोड कोंड्याला गुरं, कुत्री, चिमण्या सगळेच तोंड लावतात. मिथोमिलसारखं जहाल औषध त्यात असलं तर गोगलगायीच्या आधी वासरू मरेल.

९ जून

काल रात्री पहिला बरा पाऊस. रात्री नऊला बॅटऱ्या घेऊन निघालो. मीटर बाय मीटरची बांबूची चौकट, लाल खुणेच्या प्रत्येक ठिकाणी तीनदा टाकायची आणि आत किती ते लिहायचं. सर्वांत जास्त १४, नाल्याच्या वळणावरच्या तालीपाशी. सगळ्या बाहेर नाहीत : काहींनी पापुद्रा अर्धाच खाऊन फोडलेला होता. पहिल्या पावसात निम्म्याच जाग्या होतात, म्हणून एकाच रात्रीच्या मोजणीवर विसंबायचं नाही. ११ आणि १३ तारखेला पुन्हा.

मोजायची वेळ महत्त्वाची. दुपारी मोजलं तर शून्य येतं आणि माणूस गाफील राहतो.

१० ते १४ जून

बारदानाचे सापळे. १० लिटर पाण्यात १ किलो गूळ, त्यात बारदान बुडवून, पिळून, दुहेरी घडी करून दिवस मावळताना बांधालगत ठेवायचं. दोन बारदानांत ७ ते ८ मीटर अंतर. पहाटे उन्हाआधी उचलून खालच्या गोगलगायी चिमट्याने बकेटीत.

पहिले दोन दिवस फसले. कारणं तीन. एक : बारदान पिळलंच नव्हतं, गूळ मातीत मुरला आणि मुंगळ्यांनी कब्जा केला. दोन : एकेरी पसरलं होतं, सकाळी आठलाच वाळलं आणि गोगलगायी निघून गेल्या. तिला गोडापेक्षा ओल जास्त हवी. तीन : उचलायला उशीर. साडेनऊला गेलो तेव्हा खाली फक्त चकचकीत रेषा होत्या. तिसऱ्या दिवसापासून घडीत पपईची दोन पानं घातली आणि साडेसहाची वेळ पाळली. बकेटी भरू लागल्या. गुळाचं पाणी दर तिसऱ्या दिवशी नवं, नाहीतर आंबून त्यावर माश्याच जास्त बसतात.

१६ जून

मारणं आणि विल्हेवाट. हा भाग नीट लिहून ठेवतो, कारण इथेच आळस होतो.

मिठाच्या पाण्याने मरतात, १० लिटरला १ किलो. पण ते पाणी नंतर टाकणार कुठे? आपली जमीन काळी, चिकण. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होऊन रान चोपण होतं, पाणी मुरत नाही. बांधावर रोज एक बकेट ओतत राहिलं तर तिथे गवतही उगवणार नाही. गोगलगायीवर थेट मीठ टाकणं तर त्याहून वाईट : मीठ वाया जातं आणि तेच मातीत जातं. म्हणून साबणाचं पाणी, १० लिटरला ५० ग्रॅम पावडर. वेळ जास्त लागतो. गोगलगायी पूर्ण बुडायला हव्यात, वर जाळी आणि जाळीवर दगड, मग झाकण. काल एका बकेटीवर झाकण नुसतं टेकवलं होतं. सकाळी आतल्या भिंतीवरून चढून झाकणाच्या खाली कडेला दाटीवाटीने बसलेल्या, खालच्या पाण्यात जवळपास एकही नाही.

२४ तास ठेवायचं. पापुद्रा बांधलेली असेल तर ४८, पाणी आत शिरायलाच वेळ लागतो.

पायाने चेंगरायच्या नाहीत. चेंगरलेल्यावर माशा येतात, उंदीर-घुशी येतात, दुसऱ्या गोगलगायीही येतात. उंदराचा मुद्दा खाली १५ जुलैच्या नोंदीत.

खड्डा : गोठा आणि विहिरीपासून लांब, चढाच्या बाजूला, ३ फूट खोल. गोगलगायींचा अर्धा फूट थर, वर कळीच्या चुन्याची पांढरी चादर दिसेल इतका चुना, मग माती. शेवटचा थर दीड फूट मातीचा आणि त्यावर काटे, नाहीतर कुत्री उकरतात.

१९ जून

अंडी सापडली. उकिरड्याच्या कडेला, भुसभुशीत ओल्या मातीत दोन-तीन बोटं खोल. साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, कवच टणक, एकमेकांना चिकटलेला पुंजका. एका वेळी १०० ते ४०० घालते. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, त्यामुळे जोडी जुळली की दोघीही अंडी घालू शकतात. शिवाय एकदा मिळालेलं शुक्र साठवून ठेवून नंतरही घालतात. एक मोठी सुटली तर पुढचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

पुंजका फोडून उन्हात पसरायचा नाही. ढगाळ दिवसांत तो वाळतच नाही. सरळ बकेटीत.

२३ जून

पेरणी. सोयाबीन एकरी ३० किलो, ओळीत ४५ सेंटीमीटर, रुंद वरंबा-सरीवर. सऱ्यांत पाणी थांबणार नाही अशी वाट काढली. साचलेली सरी म्हणजे गोगलगायीचा रस्ता. पेरणी आणि बारदानं दोन्ही एकाच दिवशी चालू ठेवायची म्हणून चार मजूर फक्त बांधाला.

२८ जून

उगवण सुरू. आजपासून वीस दिवस खरे.

सोयाबीन इतकं का मरतं हे एकदा जवळून बघावं. त्याची दलं (बियाच्या दोन फाका) जमिनीच्या वर येतात. दलांच्या खालच्या कोवळ्या दांड्यावर एकही डोळा नसतो. गोगलगायीने दलांखाली कुरतडलं की उरतो तो हिरवा खुंट, त्याला पुन्हा फूट नाही. तुरीची दलं मातीतच राहतात. वरचा शेंडा गेला तरी दलांच्या बेचक्यातून दुसरा कोंब येतो. त्यामुळे एकाच रानात तूर सावरते आणि सोयाबीन जातं. आज नाल्याच्या कडेच्या पहिल्या चार ओळींत असे खुंट दिसले, पाचव्या ओळीनंतर जवळपास नाहीत.

वाणी (पैसा, म्हणजे खूप पायांचा किडा) पण याच दिवसांत कोंब कापते. फरक : गोगलगायीच्या मागे वाळलेली चकचकीत रेषा असते आणि कापलेली कड ओबडधोबड, खरवडल्यासारखी. रेषा नसेल तर माती उकरून वाणी आहे का बघा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या वाणीसाठी नाहीत, तिच्यावर टाकून पैसे घालवू नका.

नांग्या (ओळीतल्या झाड नसलेल्या जागा) भरण्याचं आपलं गणित : मीटरभर ओळीत २० झाडं हवीत. १० च्या वर असतील तर टोकण, त्याखाली गेलं तर त्या ओळी पुन्हा पेरायच्या. आठवड्यानंतर भरलेली नांगी शेजारच्या झाडांच्या सावलीत रोडावते.

१ जुलै

गोळ्यांची पहिली फेरी. संध्याकाळी सहाला, माती ओलसर, आकाश मोकळं. ढीग घालायचे नाहीत, शिंपायच्या. गुंठ्याला ५० ग्रॅम म्हणजे दिसायला फारच विरळ. मजुरांना पटत नाही, मग मूठ सैल सुटते. उपाय : १०० मीटर बांधासाठी १५० ग्रॅमची पुडी आधीच तोलून द्यायची आणि मीटर मोजून चालायचं.

३ जुलै

दुसऱ्याच रात्री पाऊस लागला आणि निम्मा खर्च वाया. मेटाल्डिहाइडने गोगलगाय लगेच मरत नाही. अंगातला सगळा चिकट स्राव बाहेर टाकत सुटते, पाणी गमावते, लुळी पडते. वर ऊन पडलं तर संपते. भिज पाऊस असेल तर पाणी परत पिते आणि दोन-तीन दिवसांत उठून चालू लागते. काल बांधावर ‘मेलेल्या’ म्हणून मोजलेल्यांपैकी बऱ्याच आज जागेवर नव्हत्या.

म्हणून नियम : गोळ्या टाकल्या की दुसऱ्या पहाटे बकेट घेऊन फेरी झालीच पाहिजे. लुळी पडलेली उचलायची. गोळी थांबवते, मारायचं काम पुष्कळदा आपलंच. वेधशाळेचा अंदाज पावसाचा असेल त्या दिवशी पुडी उघडायचीच नाही.

कुत्र्यांबद्दल : गोळ्यांत धान्याचा अंश असतो, कुत्री आवडीने खातात. खाल्ल्यावर काही तासांत थरथर, झटके, अंग तापणं. याला उतारा म्हणून औषध नाही, लगेच पशुवैद्याकडे न्यायचं. शिंपलेल्या पट्ट्यात तीन दिवस गुरं चरायला सोडायची नाहीत. ब्रिटनने २०२२ पासून उघड्यावर मेटाल्डिहाइड वापरायला बंदी केली ती पक्षी आणि लहान प्राण्यांमुळेच.

८ जुलै

चुन्याचा पट्टा करून पाहिला, एका बांधावर १० सेंटीमीटर रुंद. कोरडा होता तोवर गोगलगायी मागे फिरल्या. पहिल्या सरीनंतर उपयोग संपला. ओला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने खडू बनतो, आणि शंख बांधायला गोगलगायीला तेच तर हवं असतं. पंपघराच्या चुना दिलेल्या भिंतीवर याचा पुरावा आहे : शेवाळ आणि चुना खरवडून काढलेले नागमोडी पट्टे, पंख्यासारखे एकावर एक, प्रत्येक ओरखडा केसाएवढा. जिभेवर बारीक दातांची पट्टी असते, तिने ती कानशीसारखं घासते.

तंबाखूच्या भुकटीची तीच गत. पाऊस नसलेल्या आठवड्यात ठीक, आणि पाऊस नसलेल्या आठवड्यात गोगलगाय तशीही बाहेर येत नाही.

१५ जुलै

आशाताईंसोबत (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) दुपारी बैठक, गोळा करणारे सगळे मजूर आणि शाळेतली मोठी मुलं. मुद्दे जसेच्या तसे.

गोगलगायीतून पसरतो तो उंदराच्या फुप्फुसातला कृमी, अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिस. १९३५ मध्ये चेन यांनी कँटन (आजचं ग्वांगझू) इथल्या उंदरांत तो वर्णिला, माणसातला पहिला रुग्ण १९४५ मध्ये तैवानमध्ये नोंदला गेला. मुंबईतल्या घुशींत तो सापडल्याच्या नोंदी १९८० च्या दशकातल्या आहेत. केरळात रुग्ण आढळले आहेत, काही घोरपडीचं मांस कच्चं खाल्ल्यामुळे, कारण घोरपड गोगलगायी खाते.

फेरा असा : मोठे कृमी उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत. अळ्या उंदराच्या लेंडीतून बाहेर. गोगलगाय लेंडी खाते, तिच्या अंगात अळी दोनदा कात टाकून माणसाला बाधू शकेल अशी होते. ती गोगलगाय उंदराने खाल्ली की फेरा पूर्ण. माणूस या फेऱ्यात चुकून येतो. कच्ची किंवा अर्धी शिजलेली गोगलगाय, किंवा पालेभाजीवर बसलेलं तिचं बारीक पिल्लू पोटात गेलं की अळ्या मेंदूकडे जातात आणि तिथेच मरतात. त्यावर शरीर जी प्रतिक्रिया देतं तो मेंदूज्वर.

लक्षणं बहुधा एक ते तीन आठवड्यांत : जबर डोकेदुखी, मान ताठ, उलट्या, अंगावर मुंग्या किंवा नुसत्या स्पर्शाने दुखणं. ताप कधी असतो, कधी नसतो. पाठीच्या पाण्याच्या तपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी वाढलेल्या दिसतात. म्हणून डॉक्टरांना ‘गोगलगायी हाताळल्या, कच्ची भाजी खाल्ली’ हे आपणहून सांगायचं, ते विचारतीलच असं नाही. माणसाकडून माणसाला होत नाही.

काय पाळायचं : उघड्या हाताने धरायची नाही. तंबाखू मळणाऱ्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांनी हे दोनदा ऐकावं, धोका हाताला नाही, हाताने तोंडात जाण्याचा आहे. काम संपल्यावर साबणाने हात. मुलांनी शंख खेळायला घ्यायचे नाहीत. कोथिंबीर, मेथी, पालक जुडीनेच पाण्यात बुचकळून काढायची नाही, पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली, देठाची खाच बघून. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्याने अळ्या मरतीलच असं धरू नका. शिजवलेल्या भाजीला भीती नाही. पाण्याच्या टाक्यांना झाकणं.

अळी डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक गोगलगाय बाधित आहे असं धरूनच काम.

बैठकीनंतर ठरलं : गोठ्यांतल्या घुशींची बिळं बुजवणं आणि पेंडीची पोती जमिनीवरून उचलून फळीवर ठेवणं हे गोगलगायीच्याच कामात मोजायचं.

२४ जुलै

पपईच्या बुंध्यांना १० टक्के बोर्डो पेस्ट, जमिनीपासून दीड-दोन फूट. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) १ किलो ५ लिटर पाण्यात, कळीचा चुना १ किलो दुसऱ्या ५ लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बकेटीत. मग एकत्र, ढवळत. लोखंडी विळ्याचं टोक बुडवून पाहिलं : तांबूस थर आला, म्हणजे चुना कमी. आणखी मूठभर घातल्यावर विळा स्वच्छ निघाला. तांब्यावरून गोगलगाय चढत नाही. झाडाचा पाला जमिनीला टेकत असेल तर मात्र ती त्याच पुलावरून जाते, खालची पानं काढा.

मोरचूद बांधावर पसरायचं नाही. तांबं मातीतून जात नाही, गांडुळांना आणि नाल्यातल्या माशांना ते विष.

५ ऑगस्ट

बैठकीत सूचना आली : गोगलगाय खाणारी दुसरी गोगलगाय मिळते म्हणे, ती आणू. याचं उत्तर वहीत असू दे. युग्लँडिना रोझिया नावाची शिकारी गोगलगाय १९५५ मध्ये हवाईत सोडली, १९७७ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर. आफ्रिकन गोगलगाय तिथे राहिलीच. शिकारी गोगलगायीने खाल्ल्या त्या बेटावरच्या झाडांवर राहणाऱ्या देशी पार्टुला गोगलगायी, जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. दहा वर्षांत मोरेआच्या रानातून त्यांच्या सातही जाती संपल्या. आक्रमक गोगलगायीने निसर्गाचं जेवढं नुकसान केलं, त्यात तिच्यावर केलेल्या घाईच्या उपायांचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे भारद्वाज आहे. नाल्याच्या करवंदीपाशी फुटलेल्या शंखांचा सडा दिसतो तो त्याचा. विषाच्या गोळ्या त्या बाजूला टाकल्या नाहीत, तिथे फक्त बारदान.

बदकं पपईत चालतील, लहान गोगलगायी टिपतात. उगवत्या सोयाबीनमध्ये नकोत, तुडवतात.

२० ऑगस्ट

मजुरीची पद्धत बदलली. किलोवर पैसे दिले तर दोन गोष्टी होतात : सगळे मोठ्या गोगलगायी उचलतात, पिल्लं सोडतात, कारण त्यांना वजन नाही. आणि शेजारच्या शिवारातला माल आपल्या काट्यावर येतो. आता रोज ठरलेला, काम बांधाच्या मीटरवर, आणि मागून दुसऱ्याने चौकट टाकून तपासायचं.

पिल्लं आता सोयाबीनच्या झाकोळात, ५ ते १५ मिलिमीटरची. या पिकाचं ती फारसं बिघडवत नाहीत, पानं भरपूर आहेत. पण गोगलगाय पाच-सहा महिन्यांत वयात येते. जुलैत फुटलेली मधली झोप धरूनही पुढच्या जूनला अंडी घालायला तयार असते. ‘पीक वाचलं’ म्हणून बारदानं गुंडाळायची ही वेळ नाही.

६ सप्टेंबर

गोळ्यांची दुसरी फेरी, चार दिवस उघाड मिळाल्यावर. दुसऱ्या पहाटे उचलेपर्यंत ऊन आलं होतं, जुलैपेक्षा निकाल चांगला.

११ ऑक्टोबर

सोयाबीन काढणी. रात्रभर रानात पडलेल्या पेंढ्यांखाली गोगलगायी शिरतात. गंजी ताडपत्रीवर, आणि मळणीला घालण्याआधी खालचा थर हाताने झाडून. यंत्रात चार-पाच गेल्या तरी दाण्यांना चिकट डाग पडतात, माती बसते आणि बाजारात भाव पडतो.

१८ नोव्हेंबर

नाल्याची कड सोडून बाकी बांधांवर रात्री दिसत नाहीत, पापुद्रे बांधायला सुरुवात. मोजणीची चौकट तीन रात्री टाकली : मे महिन्यातल्या २३ खुणांपैकी ९ ठिकाणी शून्य, नाल्याच्या वळणावर अजून ५.

शून्याच्या मागे लागून उपयोग नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी शहरात १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या, आजीने बागेत सोडल्या. सात वर्षांत १८,००० सापडल्या. १९७५ पर्यंत दहा लाख डॉलर घालून त्या संपवल्या, आणि २०११ मध्ये तिथे पुन्हा निघाल्या. तेही सगळं शहर एका यंत्रणेच्या ताब्यात असताना. आपल्या नाल्याच्या वरच्या अंगाला अजून सहा शेतं आहेत, त्यांना जानेवारीत भेटायचं.

२८ नोव्हेंबर

पपईची नवी रोपं आली, ४०० पिशव्या. उतरवून घेण्याआधी प्रत्येक पिशवीचा तळ आणि मातीचा वरचा बोटभर थर तपासला. तीन पिशव्यांत अंडी. त्या पिशव्या साबणाच्या बकेटीत, बाकीची रोपं पंधरा दिवस गोठ्याच्या काँक्रीटवर वेगळी, मग लावणी. विकतच्या शेणखताची ट्रॉली यापुढे बांधावर रिकामी करायची नाही, उन्हात पातळ पसरून दोनदा हलवूनच रानात.

बारदानं धुऊन, वाळवून ८१ शिल्लक. मेटाल्डिहाइड ४ किलो ३०० ग्रॅम, मूळ डब्यातच, पंपघराच्या वरच्या फळीवर, कुलपात.